साडेतीनचं जहाज

रहीमोने त्या शुक्रवारची सुट्टी भांडून मिळवली. कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात सुट्टी मागायला गेलं की मुकादमबाईच्या पोटात दुखायला लागतं, हे सगळ्याच बायांना ठाऊक होतं.

"कोण मेलंय?" मुकादमबाईने विचारलं.

"कुणी नाही. भाऊ येतोय."

"मग रविवारी भेट की त्याला. रविवार कुणी पळवलाय?"

"रविवारी तो इथे नसणार. जहाजाने येतोय. सकाळी येणार, दुपारी जाणार."

मुकादमबाई तिच्याकडे बघतच राहिली. परदेशातला भाऊ म्हटलं की तो ऑगस्टात येतो, गाडीच्या टपावर गाद्या, सायकली, एखादा जुना फ्रीज बांधून येतो आणि महिनाभर खाटेवर लोळून सगळ्यांना अक्कल शिकवतो. सकाळी येऊन दुपारी जाणारा भाऊ आमच्या टँजिअरमध्ये अजून कुणी पाहिला नव्हता. त्या नवलापोटीच बाईने सुट्टीच्या कागदावर सही केली असावी.

भावाचं नाव मफद्दल. एकोणीस वर्षांपूर्वी तो बेल्जियमला गेला तो गेलाच. आधी कागदपत्रं नव्हती म्हणून येता आलं नाही. कागदपत्रं झाली तर कामावरून रजा मिळेना. मग लग्न, मग मुली. मग वडील, सी अय्याशी, गेले, आणि ह्याला विमान मिळेपर्यंत दफन होऊन लोक आपापल्या घरी परतले होते. त्यानंतर लाजेने आला नाही. लाजेचं असं आहे, जितकी ठेवाल तितकी मुरत जाते. आणि आता येत होता तोही आईसाठी नाही, सासूसाठी. सासूबाईंना सत्तर वर्षं झाली, म्हणून लेकीने आणि जावयाने त्यांना समुद्रसफर भेट दिली होती. त्या सफरीच्या वाटेत टँजिअर लागत होतं, एवढंच.

फोनवर हे ऐकलं तेव्हा रहीमोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आई शेजारीच बसली होती. आईचा चेहरा बघून रहीमोने ती आग गिळली.

आई म्हणजे लल्ला फामा; आमच्याकडे बायकांना मानाने लल्ला म्हणतात. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, कान शाबूत आणि जीभ कानांहून शाबूत. दोन वर्षांत ती घराचा उंबरा ओलांडून गेली नव्हती. डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं ते रहीमोने तिला अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं तिने स्वतःच ओळखलं होतं. तिचं मागणंही मोठं नव्हतं. "एक शुक्रवार," ती म्हणायची. "पोराने समोर बसून माझ्या परातीत हात घालावा. मग अल्लाने मला कधीही न्यावं." पोराचं पुढचं येणं कबरीवरच व्हायचं, हे मायलेकी दोघींना कळत होतं.

मफद्दलने कळवलं होतं: जहाज आठला लागतं, साडेतीनच्या आत परत चढायचं. म्हणजे साडेसात तास. साडेसात तासांत माणूस आईला भेटू शकतो, पोटभर जेवू शकतो, रडूही शकतो. रहीमोने हिशेब करून पाहिला होता.

सकाळी नऊला ती बंदराच्या फाटकावर उभी होती. आत सोडायला पहारेकरी तयार नव्हता. "माझा सख्खा भाऊ आहे आत," ती म्हणाली. "आत तीन हजार जण आहेत, लल्ला," तो म्हणाला, "सगळे कुणाचे ना कुणाचे भाऊच आहेत." मग अर्ध्या चड्ड्या घातलेले, छत्र्या घेतलेले म्हातारे गोरे लोक ओळीने बाहेर आले आणि बसमध्ये चढायला लागले. रहीमो एकेक चेहरा न्याहाळत राहिली. ती बघत होती काळ्या कुरळ्या केसांचा मुलगा. तिसऱ्या बसच्या खिडकीवर आतून कुणीतरी बुक्क्या मारत होतं. टोपी घातलेला, पोट सुटलेला एक माणूस. त्याने टोपी काढून हलवली तेव्हा तिला वडिलांचं टक्कल दिसलं आणि मग भाऊ दिसला.

बस हलत होती. मफद्दल काचेच्या फटीतून ओरडला, "एक वाजता. घरी येतो. एक वाजता." शेजारी हिल्डे, त्याची बायको, हसून हात हलवत होती. एकोणीस वर्षांनी दिसलेला भाऊ बसच्या धुरात निघून गेला.

"कुठे नेतात ह्यांना?" रहीमोने तिथल्या टॅक्सीवाल्याला विचारलं.

"आधी गुहा, मग दीपगृह, मग उंट. प्रत्येकाला पाच मिनिटं उंटावर बसवतात."

"आमच्या द्रादेबच्या गल्लीत जन्मलेल्या माणसाला उंट बघायचाय?"

"लल्ला, तुमचं माणूस तिकडे जाऊन गोरं झालेलं दिसतंय. गोऱ्यांना उंट लागतोच."

ती चालतच घरी निघाली, कारण टॅक्सीत बसून त्या माणसाची आणखी बडबड ऐकण्याची तिची इच्छा नव्हती. एकोणीस वर्षं हा अँटवर्पमधून उंटावरून शेळ्या हाकत आला. आईला ह्या डॉक्टरकडे ने, त्या डॉक्टरकडे ने, मीठ कमी दे, जिन्याला कठडा लाव. आज खरोखरच उंटावर बसायला गेला.

घरी आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. मोठ्या लाकडी परातीत कुसकुसचा रवा पसरून, त्यावर पाणी शिंपडत ती बोटांनी एकेक कण मोकळा करत होती. एवढ्या सावकाश, की जणू कण मोजायचे असावेत.

"यम्मा, दे मी करते. तो एक वाजता येतोय."

"एकाला अजून खूप वेळ आहे."

"नव्या वेळेने एक. तुझ्या घड्याळात तेव्हा बारा असतील."

"एक म्हणजे एक," लल्ला फामा म्हणाली.

आमच्याकडे कुणी वेळ सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, जुनी की नवी? सरकारने घड्याळं तासभर पुढे केली त्याला किती वर्षं झाली. पण म्हाताऱ्या माणसांनी ते मनावर घेतलं नाही. सूर्य काय सरकारी नोकर आहे का, असं लल्ला फामा विचारायची. तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ जुन्या वेळेचं, रहीमोच्या खोलीतलं नव्या वेळेचं. कारखान्यात तर भिंतीवर दोन घड्याळं, एक आपलं आणि एक समुद्रापलीकडच्या स्पेनचं, तासभर पुढे धावणारं, कारण माल नेणारे ट्रक तिकडच्या वेळेने येतात-जातात. दिवसभर ह्या घड्याळातून त्या घड्याळात उड्या मारून रहीमोच्या नाकी नऊ यायचे, पण सवय झाली होती.

"एक वाजता वाढायचं, यम्मा. त्याला जहाज गाठायचंय."

"जुम्म्याची नमाज सुटायच्या आधी कुसकुस? तुझा बाप कबरीत उठून बसेल."

"बाबांना मी समजावते. तू तेवढी चूल पेटव."

पण पालथ्या घड्यावर पाणी. आईने मांस आपल्या चालीने परतलं, सात भाज्या आपल्या चालीने चिरल्या, गाजराची मधली पिवळी शीरसुद्धा काढली, जी ती एरवी कधी काढत नाही. रहीमो दर दहा मिनिटांनी आत येऊन घाई करायची आणि दर वेळी शिव्या खाऊन बाहेर जायची. दुपारी बाराला कुसकुसला पहिलीच वाफ बसत होती.

मफद्दल एक वाजून दहा मिनिटांनी आला. बसमधून मध्येच उतरून, टॅक्सी करून आला होता. गल्लीतले सगळे पुरुष स्वच्छ, पायघोळ जेलाबे घालून मशिदीकडे उतरत होते आणि हा गुडघ्यापर्यंतच्या फुलाफुलांच्या चड्डीत, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेने वर येत होता. रहीमोने त्याला दंडाला धरून आत ओढलं. इतक्या वर्षांनी भावाला हात लावला तो असा.

"सलाम तर करू दे लोकांना," तो म्हणाला.

"आधी गुडघे झाक, मग सलाम कर."

आईने त्याला पाहिलं आणि उठायला गेली, पण उठता आलं नाही. तो खाली बसला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि टकलावर ओठ टेकवले. मफद्दल रडला. रहीमोलाही रडू आलं आणि त्याचा तिला रागही आला, कारण ह्या माणसासाठी रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

मग आईने पेटीतून वडिलांचा तपकिरी जेलाबा काढायला लावला आणि त्याच्या अंगावर चढवला. तो पोटावर थोडा तंग झाला. सी अय्याशींच्या जागेवर त्याला बसवलं. पिशवीतून चॉकलेटं निघाली, जहाजावरच्या साबणाच्या वड्या निघाल्या आणि एक लाकडी उंट निघाला.

"तीन तास उंटाला दिलेस ना?" रहीमो म्हणाली.

"अगं, सगळ्यांचं मिळून तिकीट होतं. सासूबाईंना वाईट वाटलं असतं."

"हो, सासूबाईंना वाईट वाटता कामा नये. आईचं काय, तिला सवय आहे."

"रहीमो," आई म्हणाली, "पोरगा दमून आलाय. तोंड बंद ठेव आणि चहा कर."

मग चहा झाला. मग शेजारची लल्ला सुदिया डोकावून गेली. मशिदीतली नमाज सुटली, गल्लीत पावलं वाजली, तरी कुसकुस चुलीवरच. रहीमो आत जाऊन आली. "दोन वाफा झाल्यात, यम्मा. वाढते मी."

"तिसरी द्यायचीय."

"तो जहाजाने चाललाय, चंद्रावर नाही. दोन वाफांचं खाईल."

"माझ्या घरात तिसरी वाफ देतात," आईने सांगितलं, आणि मफद्दल हसून म्हणाला, "असू दे गं. साडेतीनपर्यंत आहे मी. इथून बंदर दहा मिनिटं. तीनला निघालो तरी चिक्कार वेळ आहे." फोनवर वेळ पाहून त्याने तो पुन्हा खिशात टाकला. दोनला दहा कमी होते.

तिसरी वाफ झाली. दोनच्या ठोक्याला परात मध्ये आली. डोंगरासारखा रचलेला कुसकुस, वर मांस, कडेने भाज्या. तिघांनी बिस्मिल्ला म्हणून आपापल्या बाजूने हात घातला. मफद्दलने तळहातावर घास गोल फिरवत नेमका लहानपणी करायचा तसा लाडू वळला. आईचं स्वतःच्या खाण्याकडे लक्ष नव्हतं.

"सकाळी बंदर दिसलं तेव्हा काय वाटलं रे?" तिने विचारलं.

"आठ वाजले होते. आम्ही नाश्ता करत होतो," मफद्दल म्हणाला. "मी तर बशी सोडून डेकवर पळालो, यम्मा. वर मार्शान टेकडीवरची घरं दिसली. हिल्डे म्हणाली, तू थरथरतोयस."

रहीमोचा हात परातीत थांबला.

आठ नव्हते वाजले. ती सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, नुकतं उजाडत होतं, आणि ते पांढरं जहाज धक्क्याला लागताना तिने स्वतः पाहिलं होतं. खाली येऊन घड्याळ बघितलं तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती, नव्या वेळेने. जहाजावर आठ, गावात सात. म्हणजे जहाज स्पेनहून निघालं ते स्पेनचं घड्याळ घेऊनच आलं होतं. मफद्दलचा फोन किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या इथल्या वेळेवर आला आणि ह्या गाढवाच्या ते लक्षातही आलं नाही. घरात वेळेचं सगळं हिल्डे बघते, असं तो मघाशी कौतुकाने सांगत होता. त्याचं साडेतीन म्हणजे इथलं अडीच. आणि अडीचला आता पंचवीस मिनिटं उरली होती.

ती बोलली नाही.

आपण बोलत नाही आहोत, हे तिचं तिला कळत होतं. तिने घास तोंडात घातला आणि चावत राहिली. जहाज चुकलं तर काय होईल? आभाळ कोसळणार नाही. बायको रडेल, सासू ओरडेल, कुणीतरी फोन करेल. दोन-तीन दिवस हा इथे राहील, मग विमानाने पुढे जाईल. आईला तीन रात्री मिळतील. एक शुक्रवार मागत होती, शनिवार-रविवार वर मिळतील. आणि त्यात रहीमोचं पाप काय? तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"पुढच्या वर्षी मुलींना घेऊन येतो, यम्मा," मफद्दल सांगत होता. "महिनाभर. इन्शाल्ला." हे पुढचं वर्ष गेली एकोणीस वर्षं दर ईदेला फोनवर येत होतं.

पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच. रहीमो खाली बघून जेवत होती. ती गप्प राहिलीही असती. पण आईने तेवढ्यात हात लांब केला आणि रहीमोच्या बाजूला आलेलं नळीचं हाड, ज्यातला मगज रहीमोला लहानपणापासून आवडतो, ते उचलून मफद्दलपुढे ठेवलं.

"हे तू खा. ती काय, दर शुक्रवारी खाते."

दर शुक्रवारी ती कारखान्यात असते. थंड पाण्यात सुजलेल्या बोटांनी डब्यातली डाळ खाते. आईला हे माहीत होतं.

"मफद्दल," रहीमो म्हणाली, "तुझं जहाज पंधरा मिनिटांत सुटतंय."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. तिने घड्याळाचा घोळ दोन वाक्यांत सांगितला, तसा त्याचा चेहरा कुसकुससारखा पांढरा पडला. तो उठला, जेलाबा काढायला लागला, तो पोटावर अडकला. "असू दे अंगावर," आई म्हणाली. तिने त्याला जवळ ओढून एकदा हुंगलं आणि सोडलं. त्याचा हात अजून खरकटाच होता. दाराशी तो वळला, पण बोलायला वेळच नव्हता.

दोघं गल्ली उतरून धावली. जुम्म्याची गर्दी अजून पांगली नव्हती, रस्ता माणसांनी भरलेला, एक टॅक्सी थांबेल तर शपथ. शेवटी रहीमो दोन्ही हात पसरून एका टॅक्सीच्या आडवी उभी राहिली. आत आधीच एक बाई टोपलीभर पुदिना घेऊन बसली होती. "पुढे बस, पुढे," रहीमोने त्याला ढकललं.

"रहीमो, मला तुझ्याशी बोलायचं होतं," तो खिडकीतून म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली. एकोणीस वर्षं तिने मनात घोळवलेलं सगळं, शब्द न् शब्द, त्या क्षणी तिच्या जिभेवर होतं. टॅक्सी गेली.

ती धापा टाकत चढ चढून घरी आली तेव्हा आई परातीपुढे तशीच बसून होती. नळीचं हाड होतं तिथेच होतं.

"गाठेल?" आईने विचारलं.

"गाठेल बहुतेक. जेव तू आता. गार झालंय सगळं."

"जहाजं त्यांच्या घड्याळाने सुटतात," लल्ला फामा म्हणाली. "तुझा बाप तीस वर्षं धक्क्यावर ओझी वाहत होता. मला काय नवीन सांगतेस?"

रहीमो उभीच राहिली. "तुला माहीत होतं?"

"फोनवर आठ म्हणाला तेव्हाच. आणि सकाळी तू खाली येऊन म्हणालीस, सातलाच आलं वाटतं जहाज."

"मग बोलली का नाहीस त्याला?"

"बोलायला मी काय वेडी आहे? कुसकुस दोन वाफांतच झाला होता."

सकाळपासूनची घाई, शिव्या, गाजराच्या शिरा, सगळं रहीमोच्या डोळ्यांपुढून गेलं. तिचे पाय दुखत होते. ती आईसमोर खाली बसली.

"मला वाटलं होतं," आई म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं तरी तू गप्प बसशील. बसलीही होतीस. मी बघत होते. दहा मिनिटं छान बसलीस."

"यम्मा, तो राहून राहून किती राहिला असता? तीन दिवस. मी एकोणीस वर्षं राहिलेय ह्या घरात. मी जरा जास्त वेळ पुढ्यात बसावं म्हणून तू कधी काही लांबवलंस?"

लल्ला फामाने तिच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला तो प्रश्नच खरोखर कळला नव्हता.

"तू कुठे जाणार होतीस?" तिने विचारलं.

रहीमोने परात उचलली आणि कुसकुस पुन्हा गरम करायला आत नेला.